चोच काठीकडे

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी, तीन पायांचे एक लाकडी स्टूल होते. १९९६ च्या जुलैपासून २००४ च्या मार्चपर्यंत त्या स्टुलावर नजीरा शिकलगार बसत असे. तेथे बसण्याच्या हक्काखेरीज आयुष्यात दुसरे काही तिने स्वतःचे म्हणून मानले नव्हते.

काम असे होते. युरोपात काही हौशी मंडळी मोठ्या टेबलावर कागदी लगद्याचे डोंगर आणि रंगवलेल्या पट्ट्यांच्या नद्या मांडून, बोटाच्या दोन पेरांएवढ्या शिशाच्या शिपायांनिशी जुन्या लढाया नव्याने खेळतात. त्यांपैकी अडीचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन राजांच्या पलटणींचा ज्यांना छंद असतो, त्यांना प्रत्येक पलटणीचे निशाण अस्सल लागते. शिपाई खालच्या मजल्यावर ओतले जात आणि निशाणे माडीवर हाताने रंगवली जात. एक निशाण टपालाच्या तिकिटाहून मोठे नसे. कागद मधोमध दुमडून शिपायाच्या हातातल्या काठीभोवती चिकटवायचा असल्यामुळे त्याची दोन पाने आरशात पाहिल्यासारखी परस्परांच्या उलट काढावी लागत. प्रशियाच्या निशाणावर मध्यभागी गरुड, त्याच्या पंजांत तलवार आणि विजा, वर फीत, फितीवर लॅटिन अक्षरे आणि चारही कोपऱ्यांत मुकुटाखाली राजाची नाममुद्रा असे. हेसच्या निशाणावर पट्ट्यापट्ट्यांचा सिंह आणि ब्रन्सविकच्या निशाणावर उधळलेला घोडा. माडीवरच्या सात बायकांना प्रशिया ठाऊक नव्हते आणि लॅटिनही नाही. त्यांच्या लेखी गरुडवाला, सिंहवाला आणि घोडेवाला असे तीन राजे होते, आणि फितीवरची अक्षरे म्हणजे एक वेल होती, जी समोरच्या नमुन्याबरहुकूम उतरवायची.

एक नियम मात्र तिन्ही राजांना सारखाच लागू होता. दोन्ही पानांवर प्राण्याचे तोंड काठीकडेच असले पाहिजे.

हा नियम हवालदारांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या डोक्यात ठोकलेला असे. हवालदार हंबीरराव इंगवले हे कळंब्याचे. बावीस वर्षे फौजेत काढून आलेले, ताठ मानेचे, इस्त्रीच्या पँटची घडी कधी न मोडणारे. फौंड्रीचे मालक गुरुसिद्धअण्णा यांनी त्यांना माडीवर देखरेखीसाठी नेमले होते.

“काठी पुढं असती,” हवालदार सांगत. “काठी घेऊन शिपाई चालतोय. गरुड काठीकडं बघतोय म्हणजे दुश्मनाकडं बघतोय. चोच मागं वळली की तो पळपुटा. पळपुट्याला माझ्या माडीवर जागा न्हाई, आन त्याला काढणारीलाबी न्हाई. कळलं, बाई?”

नजीराला ते इतरांहून लवकर कळले, कारण तिचा हात आधीच घडलेला होता. तिचा नवरा मीरासाब हा शहरातला नावाजलेला बोर्डपेंटर. लग्नानंतर पंधरा वर्षे त्याने खडूने आखलेली अक्षरे तिने रंगाने भरली होती. कापडी फलकांवर निवडणुका, कुस्त्या, साड्यांचे सेल, वाढदिवस. पुढे संगणकावर छापलेले फलक गल्लोगल्ली लटकू लागले, मीरासाबचे ब्रश डब्यात वाळून लाकूड झाले, आणि तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना बायकोची थट्टा ऐकवू लागला. “आमची बेगम मुंग्यांच्या लष्कराची निशाणं रंगवतिया,” तो म्हणे. सकाळी साडेआठ वाजता नजीरा डबा घेऊन निघे, आणि खिडकीपाशी बसून तीन केसांचा ब्रश ओठांत टोकदार करताना तिला वाटे की अख्ख्या घरात कामाचा एवढा एकच हात उरला आहे.

माडीवरची शिस्त शनिवारी कळे. आठवड्याभराची तीसएक निशाणे दुपारी एका लांब फळीवर ओळीने मांडली जात. प्रत्येकीकडून निशाणे हातात घेऊन ही फळी लावण्याचा मान ज्येष्ठ म्हणून नजीराचा होता. प्रत्येक निशाणाच्या दुमडीवर, जो भाग पुढे काठीभोवती चिकटून दिसेनासा होई, तेथे पेन्सिलीने बाईचा आकडा असे. नजीराचा आकडा तीन. हवालदार भिंग घेऊन फळीच्या एका टोकापासून निघत. एकेका निशाणावर भिंग धरत, क्षणभर थांबत, कधी “शाब्बास” म्हणत आणि पुढे सरकत. मधेच एखादे उचलत, दोन बोटांत धरत आणि उभे फाडत.

“नंबर?”

“पाच, हवालदारसाहेब.”

“या म्होरं.”

निशाण कचऱ्यात टाकायचे नसते, असा त्यांचा दंडक होता. ज्या बाईचे असेल तिने स्वतः काडी ओढून ते पितळेच्या वाटीत जाळायचे, आपला आकडा मोठ्याने सांगायचा आणि सुट्टी होईपर्यंत भिंतीला लागून उभे राहायचे. दर शनिवारी दोन निशाणे फाटत. काय चुकले, हे हवालदार कधीच सांगत नसत. “तुला ठाऊक पाहिजे,” एवढेच म्हणत. आणि खरोखरच प्रत्येकीला आपली काहीतरी चूक ठाऊक असे, कारण दिवस-दीड दिवस खपून रंगवलेल्या वस्तूत ती शोधली की सापडतेच.

दोन कारणांनी माडी सुटे. सलग तीन शनिवार फाटले, तर खाली घासणीत. आणि चष्मा लावला, तरी खाली घासणीत. “चष्मा लागला की हात संपला,” असे हवालदारांचे म्हणणे होते, आणि अण्णांनी त्याला कधी हरकत घेतली नव्हती. घासणी म्हणजे तळमजल्यावरची अंधारी खोली. ओतलेल्या शिपायांच्या अंगावरची शिशाची फुगीर रेघ कानशीने घासून काढण्याचे काम तेथे चाले. तेथे हाताला रंग नसे, काळे असे. शालूबाई ही नजीराच्या शेजारच्या स्टुलावर पाच वर्षे बसलेली बाई. अडतिसाव्या वर्षी चष्मा लावून आली, तर डबाही न उघडता तिला खाली पाठवण्यात आले. त्यानंतर जिन्यात भेटली की शालूबाई आपली नखे दाखवी आणि म्हणे, “बघ गं, मेंदी काय रंगलीया!”

२००१ मध्ये नजीराला सुईत दोरा ओवता येईना. जोतिबाच्या खेट्यांच्या, म्हणजे माघातल्या पायी वाऱ्यांच्या, दिवसांत डोंगरावर फिरत्या विक्रेत्याकडे चष्मे मिळतात, असे ऐकून ती मुद्दाम तेथे गेली, म्हणजे पेठेतल्या कोणाच्या नजरेस पडायला नको. पाच चष्मे लावून पाहिले, सहावा घेतला, आणि तो पिशवीत, डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळून ठेवला. माडीवर तो कधी काढला नाही. तेथे ती सवयीने रंगवू लागली. गरुडाच्या पंखांना किती फटकारे, मुकुटाला किती ठिपके, वेलीत कोणते वळण केव्हा, हे हाताला पाठ होते. डोळ्यांपुढे निशाणाच्या जागी एक धुरकट डाग असे, आणि त्या डागात ती गरुड बसवत असे.

२००३ च्या दिवाळीनंतर दोन गोष्टी घडल्या. परदेशात निशाणे छापून मिळू लागल्याने मागणी घटली. अण्णांनी माडीवर येऊन सांगितले, “उन्हाळ्याच्या तोंडाला एक स्टूल कमी हुणार. कुणाचं, ते हवालदार ठरवतील.” आणि त्याच्या थोडे आधी गडहिंग्लजकडची विद्याश्री नावाची एकोणीस वर्षांची मुलगी कामाला लागली होती. तिचा आकडा सात. ती भिंगाशिवाय वेलीतले अक्षर न् अक्षर पाही, भराभर रंगवी, आणि रंगवताना गुणगुणे. एकदा ती नजीराच्या खांद्यावरून डोकावली आणि सहज म्हणाली, “मावशी, ह्या सिंहाला एक पट्टा जास्त झालाय की.”

“गप बस आन् आपलं काम कर,” नजीरा म्हणाली. पट्टा खरोखरच जास्त झाला होता.

तो सिंह शनिवारी फळीवर गेला. नजीराने त्या आठवड्यात एक गरुडही काढला होता, उन्हाच्या स्वच्छ दिवशी, असा की तिलाच हातावर विश्वास बसेना. हवालदारांनी सिंह पास केला आणि गरुड फाडला.

वाटीत तो जाळताना नजीराने प्रथमच फाटलेल्या निशाणाऐवजी फाडणाऱ्या माणसाकडे पाहिले. लांबचे तिला अजून चांगले दिसत असे. भिंतीला लागून उभी असताना तिने पाहिले की हवालदार भिंग निशाणावर धरतात खरे, पण कधी कधी ते दोन निशाणांच्या मधल्या रिकाम्या लाकडावर असते, आणि त्यांचे ओठ हलत असतात. पुढच्या शनिवारी तिने ओठांवर लक्ष ठेवले. हवालदार मोजत होते. फाटले ते अकरावे, आणि मग बाविसावे.

तरीही खात्री करून घ्यावी, असे तिने ठरवले. पुढच्या आठवड्यात तिने एका प्रशियन निशाणावर दोन्ही पानांवरच्या गरुडांची चोच जाणूनबुजून काठीपासून दूर वळवली. इतकी वर्षे ज्या बाजूने हात गेला, त्याच्या उलट तो वळवताना तिला कागद दोनदा फिरवून धरावा लागला. फळीवर ते निशाण तिने पंधरावे ठेवले. हवालदार भिंग धरून थांबले, आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, “शाब्बास.”

सोमवारी वेष्टनाच्या वेळी ते काढून घ्यावे आणि चुलीत घालावे, असा तिचा बेत होता. पण त्या शनिवारी कुरियरचा माणूस लवकर आला आणि अण्णांनी उभ्या उभ्या डबा बंद करून पाठवूनही दिला. नजीरा दोन रात्री झोपली नाही. मग पत्र येईना, तक्रार येईना, आणि तिचे मन हळूहळू दुसऱ्या विचाराकडे वळले.

फळी लावणारी तीच होती.

तिला हे कोणाला तरी सांगता आले असते. सात बायका त्या दिवसापासून निर्भय झाल्या असत्या. पण उन्हाळ्याच्या तोंडाला एक स्टूल कमी होणार होते, आणि सलग तीन शनिवारांचा नियम अजून जागेवर होता. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तिने फळीवर अकरावे आणि बाविसावे निशाण सात आकड्याचे ठेवले.

“नंबर?”

“सात,” विद्याश्री म्हणाली, आणि तिला हसू आले, कारण तिला वाटले की काहीतरी गोंधळ झाला आहे. “बघू, काय चुकलंय हवालदारसाहेब?”

“तुला ठाऊक पाहिजे.”

“मला तर काय दिसंना झालंय त्यात.”

“दिसत न्हाई तर माडीवर कशाला आलीस?” हवालदार म्हणाले, आणि बायका हसल्या. नजीराही हसली.

पुढच्या शनिवारपर्यंत मुलीने प्रत्येक निशाण तीन तीनदा तपासले. पुन्हा दोन्ही तिचीच फाटली. त्या आठवड्यापासून तिचे गुणगुणणे बंद झाले आणि ती एकेक रेघ दोन दोनदा गिरवू लागली. गिरवल्यामुळे आता खरोखरच वेल वाकडी येऊ लागली. तिने एकदा नजीरापाशी येऊन विचारले, “मावशी, तुम्ही तरी सांगा, माझा गरुड कुठं चुकतोय?” नजीराने ते निशाण हातात घेतले. तिला डागापलीकडे काही दिसत नव्हते. “गळ्यापाशी,” ती म्हणाली. “गळा आवळ जरा.” मुलगी चार दिवस गळेच काढत बसली. तिसऱ्या शनिवारी अकरावे निशाण तिचेच होते. सोमवारी ती खाली घासणीत गेली, आणि नजीराच्या स्टुलाचा प्रश्न मिटला.

मिटला तो पाच आठवडे.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अण्णा हातात एक पाकीट घेऊन माडी चढले. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाने डिंक पाण्याने सोडवून एक निशाण परत पाठवले होते, आणि सोबत दोन पानांचे पत्र जोडले होते. पत्र अण्णांनी वाचून दाखवले नाही. निशाण तेवढे उलगडून दुमडीवरचा आकडा पाहिला.

“तीन नंबर कुणाचा?”

“माझा, अण्णा.”

“चोच कुठं हाय ह्याची?”

तिला न पाहताच ठाऊक होते. “काठीपासनं लांब.”

“दोन्हीकडं?”

“दोन्हीकडं.”

“मग हे काय गं, नजीराबी? आठ वर्षं झाली तुला बसून. पळपुटा काढलास?”

“मुद्दाम काढला,” नजीरा म्हणाली.

माडीवर हशा पिकला. अण्णाही हसले. “मुद्दाम कोण चुकतंय का? शाळेतली पोरं असं सांगत्यात.”

“हवालदारांना दिसत न्हाई, अण्णा.” आता थांबण्यात अर्थ नव्हता, ती उठून उभी राहिली आणि तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “ते मोजत्यात. अकरावं आन् बाविसावं फाडत्यात, मग त्यात कायबी असू दे. मी चोच वळवली, पंधरावं ठिवलं, शाब्बास म्हणालं. इचारा त्यांना, आत्ता तुमच्या हातात काय हाय ते.”

हवालदार पँटच्या शिवणीला हात लावून ताठ उभे होते, आणि अण्णा जेथे नव्हते त्या दिशेला, किंचित डावीकडे, पाहत होते.

अण्णांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. “हे मला सांगायलीस व्हय?” ते म्हणाले. “त्यांच्या डोळ्यात घालायचं औषध मीच आणून देतोय की, चार वर्षं. बघायला न्हाई ठेवलं गं त्यांना. फाडायला ठेवलंय. बघणारा ठेवला तर तो उद्या मलाबी शिकवाय लागंल. हे दोन फाडत्यात, आन् त्या भ्यानं तुम्ही अठ्ठावीस नीट करताय. माझं काय बिघडलं?”

“मग माझी चूक न्हवं.”

“तुझी चूक न्हवं? तुला दिसतंय, त्यांना दिसत न्हाई, असंच न्हवं? मग बस. हा कागद. काढ गरुड, सगळ्यांच्या म्होरं.”

नजीरा बसली. समोर कोरा कागद होता, म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे एक पांढरा डाग. हाताला सवय होती, पण हात कापत होता, आणि कापणाऱ्या हाताला सवय उपयोगी पडत नाही. ब्रश कागदापर्यंत नेऊन तिने दोनदा मागे घेतला.

“डोळं गेल्यात हिचं,” मागून कोणीतरी म्हणाले. “मुद्दाम म्हणं!”

तेव्हा नजीराने पिशवीतून डबा बाहेर काढला, त्याखालचा रुमाल सोडला आणि चष्मा लावला. तीन वर्षांत प्रथमच तिला त्या खिडकीच्या उजेडात कागदाचे तंतू दिसले. ती अर्धा तास काम करत राहिली. पिसे, पंजे, तलवारीची मूठ, विजांची टोके. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर त्याच्या उलट एक, दोन्ही चोची काठीकडे.

अण्णांनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. “खोटं कशाला बोलू,” ते म्हणाले. “असला गरुड ह्या माडीवर आजवर कुणी काढला न्हाई.”

नजीराने मान वर केली.

“आता जा खाली, चष्म्यासकट. आन् त्या गडहिंग्लजच्या पोरीला वर धाडून दे. तिचं डोळं चांगलं हाईत.” मग त्यांनी कागद हवालदारांच्या हातात दिला. “हवालदार, तपासा.”

हवालदारांनी भिंग धरले. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. कागदाची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि तो वरपासून खालपर्यंत, अगदी सरळ रेषेत, फाडला.

“नंबर?” ते म्हणाले.

नजीराने काडी ओढली. “तीन,” ती म्हणाली.

जिन्यात तिला विद्याश्री भेटली. माडीवरचा आवाज घासणीत स्पष्ट ऐकू जाई, आणि मुलीला हिशेब करायला फार वेळ लागला नव्हता. तिच्या नखांत काळे भरले होते.

“फळी तुम्हीच लावत हुतासा न्हवं, मावशी?”

“व्हय.”

“आन् गळ्याचं? गळा खरंच चुकत हुता?”

नजीराने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. विद्याश्रीने तिच्याकडे थोडा वेळ पाहिले, मग अंग चोरून भिंतीला लागली आणि तिला खाली जाऊ दिले.

घासणीत सगळ्याच बायकांना चष्मे होते. शालूबाईने बाकावर हात आपटून जागा दाखवली. “ये, ये. सरका गं, माडीवरच्या मोठ्या बाई आल्यात.” नजीराला काम मिळाले ते निशाण धरणाऱ्या शिपायांचे. त्यांच्या मिटलेल्या मुठीत बारीक गिरमिटाने काठीपुरते भोक पाडायचे. हात चांगला असल्यामुळे ते काम तिला लवकर जमले, आणि फौंड्री बंद पडेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, तिने ते केले.

माडीवर शनिवारची तपासणी पूर्वीसारखीच चालू राहिली. पुढच्याच शनिवारी दुपारी घासणीतल्या बायकांनी कानशी खाली ठेवल्या आणि छताकडे कान लावले. वर भिंगवाल्याची पावले थांबत, सरकत, पुन्हा थांबत गेली. मग हवालदारांचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एका बाईचा, रडवेला: “पाच.” घासणीत एकच हशा उठला. “पाच नंबर गं! परवा लय टेचात हुती!” शालूबाई डोळे पुसत म्हणाली. त्या दिवशी नजीरा गिरमिट फिरवत राहिली. दुसऱ्या शनिवारी ती इतरांच्या मागोमाग हसली. तिसऱ्या शनिवारी “सात” ऐकू आले, आणि तेव्हा सगळ्यांत आधी तीच हसली.